पहिली सेकंडहँड एटीव्ही घेताना काय काय बघायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की ओहायोतल्या कोलंबसला राहतोस, बजेट चार हजार डॉलर, पुण्यात बाईक भरपूर चालवलीयेस पण एटीव्ही (हॅण्डल आणि जाड टायरवाली चारचाकी ऑफ-रोड गाडी) फक्त लोणावळ्याला भाड्याची पाच मिनिटं. आता तुझ्याकडच्याच वेन नॅशनल फॉरेस्टमध्ये आणि पुढे वेस्ट व्हर्जिनियातल्या हॅटफिल्ड-मॅकॉय ट्रेलवर जायचंय. दोन गाड्या बघून ठेवल्यास, एक ४५० सीसीची स्पोर्ट क्वाड (रेसच्या धाटणीची एटीव्ही) आणि दुसरी ७०० ची, लिफ्ट किट (गाडी उंच करणारं), स्नॉर्केल (खोल पाण्यातही इंजिनला हवा मिळावी म्हणून वर काढलेली नळी) आणि मोठे मड टायर लावलेली. आणि बारा वर्षांच्या मुलाला मागे बसवता येईल का हेही विचारलंयस. मी याच भागात बरीच वर्षं चालवतोय, शनिवार-रविवार गॅरेजमध्ये लोकांच्या गाड्या उघडून बसतो, ओळखीत कोणाला घ्यायची असली की सोबत बघायलाही जातो, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.

आधी उत्तर देऊन टाकतो. दोन्ही घेऊ नको. ३५० ते ५०० सीसीमधली, फोर-व्हील ड्राइव्ह, कंपनीतून आली तशीच्या तशी असलेली, पुढे-मागे रॅकवाली साधी युटिलिटी (कामाची) एटीव्ही शोध, दिसायला बोअर असली तरी चालेल, आणि ती शोधताना मॉडेलपेक्षा आधीच्या मालकाकडे जास्त लक्ष दे. चांगल्या मॉडेलची वाट लावलेली गाडी आणि मध्यम मॉडेलची नीट सांभाळलेली गाडी यात मी डोळे झाकून दुसरी घेईन.

आता ४५० का नको. ही गाडी वाईट नाही, पण ती रेससाठी बनवलेली आहे. यामाहा वायएफझी ४५० किंवा होंडा टीआरएक्स ४५०आर सारख्यांच्या इंजिनांत ऑइल कमी मावतं, ते लवकर लवकर बदलावं लागतं, व्हॉल्व्ह क्लिअरन्स वेळेवर तपासावा लागतो, आणि सेकंडहँड विकणाऱ्यातल्या किती जणांनी ते केलेलं असतं ते मला विचारू नको. हाताचा क्लच, चेन, फक्त मागची दोन चाकं, आणि बऱ्याच ४५० मध्ये रिव्हर्स गिअरच नसतो. नवशिक्याला याचा अर्थ ट्रेलवर गेल्यावरच कळतो, एका बाजूला दरड, दुसरीकडे उतार, समोर झाड, आणि गाडी मागे घ्यायला उतरून ढकलायची.

७०० च्या बाबतीत माझा आक्षेप सीसीवर कमी आणि स्नॉर्केलवर जास्त आहे. स्नॉर्केल कोण लावतं? जो पाण्यात घालणार आहे तो. म्हणजे ही गाडी सीटपर्यंत चिखलात बुडवलेली आहे असं धरूनच चालायचं. लिफ्ट आणि जड टायर लावले की सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे फिरते सांधे) वाकड्या कोनात फिरतात, बेल्ट (ऑटोमॅटिक गाडीत गिअरऐवजी असलेला पट्टा) आणि क्लचवर कायमचा ताण येतो, गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर गाडी पटकन कलंडते. त्यात वजन. होंडा रँचर ४२० ची फोर-व्हील साधारण २६०-२७० किलोची आहे, ७०० वाल्या ३०० किलोच्या वर जातात, आणि अंगावर आली तर फरक जाणवतो. अजून एक, वेनमधल्या ट्रेलवर ५० इंचापेक्षा रुंद गाडी चालत नाही. साध्या एटीव्ही ४६-४८ इंचाच्या असतात, पण स्पेसर (चाकं बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) आणि रुंद टायर घातलेली गाडी त्यापुढे जाऊ शकते, तेव्हा अशी गाडी बघायला गेलास तर टेप घेऊन जा.

तू बाईकवाला आहेस म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण याचा गाडी निवडण्याशी थेट संबंध आहे. बाईकवर तोल गेला की आपण पाय टेकतो, विचार न करता. एटीव्हीवर पाय खाली गेला की मागचं चाक त्याच पायावर चढतं. पाय कायम फूटवेलमध्ये (पाय ठेवायच्या खोलगट जागेत), काहीही झालं तरी. दुसरं, बाईक वळताना कलते, ही कलत नाही, आपल्यालाच सीटवरून आतल्या बाजूला सरकून वजन टाकावं लागतं. त्यातून रँचरसारख्या मागे सरळ अॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असलेल्या गाडीत मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शिअल नसतं, त्यामुळे हॅण्डल वळवलं तरी गाडी सुरुवातीला सरळच जायला बघते. बाईकचा दहा-पंधरा वर्षांचा अनुभव असलेले लोक इथेच फसतात, कारण त्यांना वाटतं आपल्याला येतं. अॅक्सिलरेटरसुद्धा मुठीने पिळायचा नाही, अंगठ्याने दाबायचा असतो, आणि खड्ड्यात आदळल्यावर अंगठा आपोआप दाबला जातो. म्हणून पहिली गाडी अशी पाहिजे जिचा पिकअप अंगठ्याच्या चुकीवर तुला झाडात नेणार नाही. ४०० च्या आसपासची युटिलिटी गाडी तेवढं माफ करते.

आता नावं. माझी पहिली पसंती होंडा रँचर. जुनी ३५० साधारण २००० ते २००६ ची, कार्ब्युरेटरवाली, आणि २००७ पासून ४२०, फ्युएल इंजेक्शनवाली. शाफ्ट ड्राइव्ह (चेनऐवजी दांडा), खऱ्या गिअरचा गिअरबॉक्स, बेल्टची भानगड नाही, क्लच लिव्हर नाही. (आपल्याकडे हिरो होंडा स्ट्रीट चालवली असशील तर क्लच न दाबता पायाने गिअर म्हणजे काय ते लगेच समजेल.) ४२० च्या मॉडेल नंबरमधली अक्षरं लक्षात ठेव, लिस्टिंगमध्ये लोक वाट्टेल ते लिहितात. टीएम म्हणजे टू-व्हील आणि पायाने गिअर, टीई म्हणजे टू-व्हील आणि बटणाने गिअर, एफएम म्हणजे फोर-व्हील आणि पायाने, एफई म्हणजे फोर-व्हील आणि बटणाने. तुझ्या बजेटमध्ये मी एफएम शोधेन, बटणवाला गिअर चांगलाच आहे पण जुन्या गाडीत जेवढं इलेक्ट्रिक कमी तेवढी डोकेदुखी कमी.

ऑटोमॅटिकच पाहिजे असेल तर यामाहाची कोडिअॅक ४५० किंवा ग्रिझ्ली ४५०. यांच्यात बेल्ट आहे पण उतारावर इंजिन ब्रेकिंग (अॅक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननेच गाडी धरणं) चांगलं मिळतं, आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या लांबच लांब उतारांवर तेच पाहिजे. सुझुकी किंगक्वाड ४०० पण दणकट. पोलारिस स्पोर्ट्समन ५०० भरपूर मिळतात, पार्ट्स सगळीकडे मिळतात, मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) असल्यामुळे बसायला आरामशीर, पण त्यात बुशिंग, बॉल जॉइंट (सस्पेन्शनचे सांधे), सीव्ही बूट (सीव्ही जॉइंटवरची रबरी आवरणं) जास्त, म्हणजे तपासायच्या जागा जास्त. होंडा रेकॉन २५० छोटी आणि हलकी, २०० किलोच्या आसपास, फक्त टू-व्हील. बायकोला शिकायला उत्तम, पण चिखलात आणि ओल्या चढावर तू अडकशील. नाव न ऐकलेल्या ब्रँडची नवी कोरी स्वस्त गाडी दिसेल, तिचा साधा ब्रेक केबल तुटला तरी पार्ट शोधत बसशील, तेव्हा ती सोडून दे. आणि १९८० च्या दशकातली तीनचाकी कोणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हण, १९८८ पासून अमेरिकेत नवीन तीनचाकी विकणं बंद झालंय आणि ते उगाच झालेलं नाही, फार लोक उलटून मेले.

मालकाबद्दल. फोनवरच बरंच कळतं. का विकतोयस, कुठे चालवायचास, शेवटचं ऑइल कधी बदललं, एअर फिल्टर कधी साफ केला, एवढे चार प्रश्न विचार. ज्याने सांभाळलंय तो थांबतच नाही, पावत्या दाखवतो, कुठल्या कंपनीचं ऑइल ते पण सांगतो. ज्याला एअर फिल्टर कुठे असतो हेच आठवत नाही त्याच्याकडे पेट्रोल जाळत जाऊ नको. ‘फक्त कार्ब साफ करायचाय, मग एकदम मस्त चालेल’ असं म्हणणाऱ्याला मनातल्या मनात एकच विचारायचं, की बाबा एवढंच काम होतं तर करून हजार डॉलर जास्त का नाही घेतलेस. बहुतेक वेळा कारण कार्ब नसतंच. मला आवडणारे विक्रेते म्हणजे स्वतःची जमीन असलेले वयस्कर लोक, ज्यांनी शिकारीला जायला किंवा लाकडं ओढायला गाडी घेतली आणि आता चढवत नाही म्हणून विकतायत. त्यांच्या गाड्यांचं प्लास्टिक ओरखडलेलं असतं, रंग उडालेला असतो, आणि आतून गाडी ठणठणीत. फक्त बर्फ ढकलायचा प्लाऊ लावायचे का ते विचार, कारण प्लाऊमुळे पुढच्या भागावर वजन येतं आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे खालून गंज.

जायच्या आधी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) मागून घे. १७ अक्षरं असतात, त्यातलं दहावं म्हणजे मॉडेल इयर, ८ म्हणजे २००८, ९ म्हणजे २००९, मग ए २०१०, बी २०११ असं पुढे. २०११ सांगून २००८ ची विकणारे असतात, काही मुद्दाम, काही खरंच माहीत नसल्यामुळे. तोच नंबर एनआयसीबीच्या (विमा कंपन्यांची गाडीचोरी तपासणारी संस्था) फुकटच्या व्हीआयएन चेकमध्ये टाकून चोरीची आहे का बघ, आणि रिकॉल (दोषामुळे कंपनीने परत बोलावलेल्या गाड्या) बघायचे तर एटीव्हीचे रिकॉल सीपीएससी या ग्राहक-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या साईटवर असतात, कारच्या रिकॉलच्या साईटवर शोधत बसू नको. आणि विक्रेत्याला स्पष्ट सांगून ठेव की मी यायच्या आधी गाडी चालू करू नको.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनला हात लावायचा. गरम असेल तर का ते विचार, आणि उत्तर गोलमोल आलं तर थंड होईपर्यंत बाकीचं बघत बस. थंड इंजिन सुरू होताना जे बोलतं ते गरम इंजिन लपवतं.

मग सीट काढ आणि एअरबॉक्स उघड. माझ्या मते गाडीचा सगळा इतिहास या एका डब्यात असतो. फिल्टर बाहेरून मळलेला असणं ठीक आहे, त्याचं कामच ते. फिल्टर काढ आणि इंजिनकडे जाणाऱ्या रबरी नळीत आतून बोट फिरव. बोट स्वच्छ किंवा नुसतं तेलकट आलं तर छान. बोटाला बारीक धुळीची पूड लागली, अंगठ्यावर चोळल्यावर करकर लागली, तर ती धूळ इंजिनने खाल्लेली आहे, पिस्टन रिंग आणि सिलेंडर घासलेत, आज नाही तर सहा महिन्यांनी धूर येणार. मी तिथेच आभार मानून निघतो, बाकी काही बघतही नाही. डब्याच्या तळाशी वाळलेला गाळ किंवा भिंतीवर पाण्याची रेघ दिसली तर गाडी बुडालेली आहे. हीच रेघ हेडलाईटच्या आत पण शोध, तिथलं कोणी पुसत नाही.

त्यानंतर तेलं. इंजिनची डिपस्टिक तर सगळे बघतात, पण पुढच्या डिफरन्शिअलचा आणि मागच्या गिअरकेसचा (तिलाही सगळे डिफच म्हणतात) फिलर बोल्ट उघडून बघणारा दहात एखादा. तेल चहाच्या रंगाचं, दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. इंजिनमध्ये दुधाळ असेल तर सरळ घरी जायचं, डिफमध्ये असेल तर सील गेलंय की नुसतं ब्रीदर पाइपमधून (हवा जायच्या नळीतून) पाणी आलंय ते सांगता येत नाही, तेव्हा भाव कमी कर किंवा सोड. यासाठी आपले पाने आणि चिंधी सोबत ठेव. जो माणूस बोल्ट उघडू देत नाही त्याला काहीतरी माहीत आहे.

पुढची चाकं. गाडी जॅकवर घे, नाहीतर पुढचा भाग उचलून खाली लाकडाचा ओंडका सरकव. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाला, आतबाहेर हलव, खटखट लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग नऊ आणि तीनला धरून हलव, इथे प्ले (ढिलेपणा) असेल तर टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारी दांडी. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने सांध्यावर बोट ठेवायचं, कुठला ढिला आहे ते बोटाला लगेच कळतं, म्हणून कोणालातरी सोबत घेऊन जा. टाय रॉड आणि बॉल जॉइंट महाग नाहीत आणि घरी बदलता येतात, त्यामुळे याच्यावर गाडी सोडू नको पण भाव मात्र नक्की पाड. सीव्ही बूट फाटलाय का बघ, फाटलेल्या बुटातून ग्रीस उडून आजूबाजूला चिकटलेलं असतं. बूट नुकताच फाटला असेल तर किरकोळ, पण आत माती जाऊन महिने झाले असतील तर पूर्ण अॅक्सल. टाय रॉड वाकडा दिसला तर झाडाला ठोकलीये, मग फ्रेम जास्त बारकाईने बघ.

फ्रेमसाठी सतरंजी टाकून खाली झोप, लाज वाटू देऊ नको. ए-आर्म (चाक फ्रेमला धरून ठेवणारे दांडे) जिथे फ्रेमला लागतात ते कान, स्टिअरिंगच्या दांड्याखालचा भाग, फूटवेलचे सपोर्ट, मागचं हिच (ट्रेलर जोडायची जागा), या जागांचे वेल्ड टॉर्चने बघ. एका ठिकाणचाच रंग ताजा काळा असेल तर तिथे वेल्डिंग करून लपवलंय. टायरला चमक आणणारा स्प्रे मारून, प्रेशर वॉशरने धुऊन लखलखीत केलेली गाडी मला उलट जास्त संशयास्पद वाटते, पण धुणारा स्किड प्लेटच्या (गाडीखालच्या संरक्षक पत्र्याच्या) वरच्या बाजूला आणि फ्रेमच्या कोपऱ्यात पोचत नाही, तिथला वाळलेला चिखल बोटाने खरवडून बघ. रेडिएटर असलेली गाडी असेल तर त्याच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. चिखलाने बुजलेला रेडिएटर म्हणजे तापलेलं इंजिन.

मीटरवर मैल आणि तास दोन्ही असतील तर भागाकार कर. दोन हजार मैल आणि दोनशे तास म्हणजे सरासरी ताशी दहा मैल, ट्रेलवर नीट चालवलेली गाडी. पाचशे मैल आणि दोनशे तास असेल तर ती बहुतेक वेळ लो गिअरमध्ये ओढत, प्लाऊ करत किंवा चिखलात गरगरत होती, मैल कमी दिसतात म्हणून भुलू नको.

आता चालू कर. थंडीत चोक लावून दोन-तीन प्रयत्नांत लागली तर ठीक. निळसर धूर आणि तो जात नसेल तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, बऱ्याचदा नुसता फिल्टर किंवा कार्ब. सुरुवातीची पांढरी वाफ थंडीत असतेच, गरम झाल्यावरही राहिली तर कूलंट. दहा डॉलरचा मल्टिमीटर बॅटरीला लावून बघ, इंजिन थोडं रेझ केल्यावर साधारण १४ व्होल्ट आले पाहिजेत, नाही आले तर ‘फक्त बॅटरी गेलीये’ हे वाक्य खरं नाही, स्टेटर किंवा रेग्युलेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारी यंत्रणाच, गेलीये. कार्बवाल्या गाड्या बंद पडून राहिल्या की इथल्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने कार्ब चिकटतो, तेव्हा टाकीचं झाकण उघडून वास घे, शिळ्या पेट्रोलचा वार्निशसारखा वास ओळखू येतो.

चालवून बघताना हेल्मेट घालून जा, विक्रेत्याच्या अंगणात का होईना. सगळे गिअर, रिव्हर्ससकट. फोर-व्हील लावून गवतावर गोल फिर, हॅण्डल जड झालं पाहिजे आणि पुढून कटकट आवाज यायला नको. ब्रेक पुढचा वेगळा, मागचा वेगळा दाबून बघ, जुन्या होंडांच्या ड्रममध्ये पाणी शिरून ब्रेक मरतो. जवळपास उतार असेल तर अंगठा सोडून गाडी खाली येऊ दे, इंजिनने धरलं पाहिजे, काही बेल्टवाल्यांत ते येतच नाही किंवा खूप कमी येतं, आणि नवशिक्याने तशी गाडी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. बेल्टवाली असेल तर चढावर थोडा जोर दे, रबर जळाल्याचा वास किंवा झटके आले तर बेल्ट आणि क्लच दोन्हीचा खर्च धर. सायलेन्सर कंपनीचा नसेल तर स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आहे का विचार, नॅशनल फॉरेस्टमध्ये तो लागतोच.

कागद. ओहायोत एटीव्हीला कारसारखंच टायटल (मालकीचा कागद) असतं, विकणाऱ्याने नोटरीसमोर सही करायची, आणि मग तू काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्ट्सच्या टायटल ऑफिसमध्ये जाऊन आपल्या नावावर करायचं. नुसत्या बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या चिठ्ठीवर), ‘टायटल हरवलंय, तू डुप्लिकेट काढ’ असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नको, हरवलं असेल तर डुप्लिकेट त्याने काढायचं. फ्रेमवर कोरलेला नंबर आणि टायटलवरचा नंबर अक्षर न अक्षर जुळव, घासलेला वाटला तर किती का स्वस्त असेना, निघ.

आता मुलाचा प्रश्न, आणि इथे मी तुझ्याशी गोड बोलणार नाही. मागे बसवायचं नाही, पुढ्यात तर मुळीच नाही. आपण लहानपणी स्कूटरवर पुढे उभे राहून वाढलो म्हणून आपल्याला हे सहज वाटतं, इथल्या मराठी कुटुंबांच्या फार्महाऊसच्या पार्ट्यांत मी हे दरवेळी बघतो, काका पुतण्यांना घेऊन चकरा मारतायत, आणि दरवेळी पोटात गोळा येतो. एटीव्हीची सीट लांब असते ती दुसऱ्याला बसायला नाही, चालवणाऱ्याला पुढे-मागे सरकायला. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे. मागे कोणी बसलं की तू सरकू शकत नाहीस, आणि चढावर त्याचं वजन मागच्या अॅक्सलवर येऊन पुढची चाकं उचलतात, गाडी उलटी तुमच्या दोघांच्या अंगावर. हॅटफिल्ड-मॅकॉयवर कंपनीने दोघांसाठी बनवलेली गाडी नसेल तर मागे माणूस चालतच नाही, तसा नियमच आहे. दोघांची पाहिजे असेल तर कॅन-अॅम आउटलँडर मॅक्स किंवा पोलारिस स्पोर्ट्समन टूरिंग अशा लांब व्हीलबेसच्या गाड्या येतात, पण त्या तुझ्या बजेटमध्ये चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण, आणि मागे कोणाला घेऊन चालवणं हे पहिल्या वर्षाचं काम नाही. मोठ्यांच्या गाड्या १६ वर्षांखालच्यांसाठी नाहीत, तेव्हा तुझी रँचर त्याला चालवायला पण द्यायची नाही. त्याला खरंच आवड असेल तर पुढच्या वर्षी त्याच्या वयाची छोटी गाडी घे, कुठल्या वयासाठी आहे ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, वेग मर्यादित करता येतो, आणि दोघं मिळून कोर्स करा. बायको साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसायची, स्टिअरिंगवाली ऑफ-रोड गाडी) म्हणत असेल तर विचार चुकीचा नाही, सीट बेल्ट आणि रोल केज (उलटल्यावर वाचवणारा पिंजरा) असतो, पण चार हजारात चांगली मिळत नाही आणि बहुतेक ५० इंचापेक्षा रुंद असल्यामुळे वेनमध्ये जाणार नाहीत.

चार हजारातले सातशे-आठशे आधीच बाजूला काढून ठेव आणि गाडी तीन हजार-सव्वातीन हजारात बसव. फुल-फेस, डॉट (अमेरिकन सरकारी सुरक्षा मानक) शिक्क्याचं हेल्मेट, गॉगल, घोट्याच्या वर येणारे बूट, हातमोजे. उरलेल्यात न्यायची सोय. तुझ्या एसयूव्हीला हिच असेल तर छोटा युटिलिटी ट्रेलर पुरतो, भाड्याने घेतला तरी चालेल. कोणाच्या पिकअपमध्ये चढवणार असशील तर रॅम्प गाडीला पट्ट्याने बांधल्याशिवाय चढवू नको, रॅम्प मागे सरकतो आणि एटीव्ही माणसासकट खाली येते, ट्रेलवर पोचायच्या आधीच लोक हाडं मोडून घेतात. हिवाळ्यात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, भाव जरा पडलेले असतात आणि विकणाऱ्यांना गॅरेजमध्ये जागा पाहिजे असते, एप्रिलमध्ये सगळेच शोधायला लागतात.

घरी आणल्यावर विक्रेता काहीही म्हणो, इंजिन ऑइल आणि फिल्टर, दोन्ही डिफचं तेल, एअर फिल्टर, ब्रेक फ्लुइड, सगळं पहिल्या आठवड्यात बदल, म्हणजे तिथून पुढचा हिशोब तुझा. टायरची हवा ४ ते ७ पीएसआय एवढीच असते, गाडीवरच्या स्टिकरवर नक्की आकडा आहे, कारच्या गेजवर तो दिसतही नाही, कमी प्रेशरचा वेगळा गेज घे आणि पेट्रोल पंपावर हवा भरू नको. एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा रायडरकोर्स कर, एक दिवसही लागत नाही, आणि पाय टेकायची ती बाईकची सवय तिथे मोकळ्या मैदानात मोडते.

पहिल्यांदा वेनमधल्याच, नेल्सनव्हिलजवळच्या मंडे क्रीकला जा, कोलंबसहून तासाभराच्या अंतरावर आहे, ट्रेल साधारण एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत उघडे असतात, परमिट काढावं लागतं. एकटा जाऊ नको, पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नको, तिथली माती साबणासारखी निसरडी होते. हॅटफिल्ड-मॅकॉय त्यानंतर. तिथे हिरवे ट्रेल सोपे, निळे मधले, काळे अवघड, आणि गिल्बर्टसारख्या गावात तर राहायच्या जागेपासून थेट एटीव्हीवर बसून ट्रेलवर जाता येतं. पहिला पूर्ण दिवस हिरव्यावरच काढ, दुसऱ्या दिवशी हात दुखत नसतील तर एखादा निळा कर, आणि काळे या सीझनला राहू दे.